‘मूनस्टोन’मधील चोरी आणि श्रीरंगपट्टणची लूट

विल्की कॉलिन्स या इंग्रज कादंबरीकाराची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. इंग्रजी रहस्यकथेचा उगम ज्या मोजक्या ग्रंथांपाशी शोधला जातो त्यांत तिची गणना होते आणि टी. एस. एलियट यांच्यासारख्या चोखंदळ समीक्षकानेही या प्रकारात तिला अग्रमान दिला आहे. हिंदुस्थानी वाचकास मात्र ती आणखी एका कारणाने जवळची वाटते. तिच्यातील हिरा हिंदुस्थानातला, तो प्रथम पळविणारा इंग्रज, त्याच्या मागावर समुद्र ओलांडून जाणारे तीन ब्राह्मण, आणि अखेरीस तो हिरा पुन्हा सोमनाथच्या देवाच्या भाळी! इंग्लंडात गेलेली वस्तू हिंदुस्थानात परत आल्याचे असे चित्र त्या शतकातील इंग्रजी कादंबरीत सहसा आढळत नाही. या शेवटामुळेच अनेक अभ्यासकांनी तिला साम्राज्यशाहीवरील टीका असे प्रशस्तिपत्र दिले आहे. हे प्रशस्तिपत्र निराधार नाही. परंतु ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग पाहिल्यावाचून वसाहतवादी दृष्टी म्हणजे काय, हे नीट उमगत नाही.

कथानक थोडक्यात असे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणचा पाडाव झाला. त्या धुमश्चक्रीत जॉन हर्नकॅसल नावाचा अधिकारी टिपू सुलतानाच्या शस्त्रागारातून, हिऱ्याच्या तिघा रक्षकांना ठार मारून, एक पिवळा हिरा पळवितो. (चंद्रमणी या नावाचा खरा खडा फारसा मोलाचा नसतो, कादंबरीतला ‘मूनस्टोन’ हा मात्र अस्सल हिराच आहे.) पुढे मृत्युपत्राने तो हा हिरा आपल्या भाचीस ठेवतो. बहिणीवरील सूड म्हणून की प्रायश्चित्त म्हणून, हे लेखकाने संदिग्धच ठेवले आहे. १८४८ च्या जूनमध्ये रेचेल व्हेरिंडर या भाचीच्या अठराव्या वाढदिवशी यॉर्कशायरमधील वाड्यात हिरा तिच्या हाती पडतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. बाकीचे पुस्तक या दुसऱ्या चोरीच्या शोधात खर्ची पडते.

प्रथम कॉलिन्स यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. १८५७ च्या उठावानंतर इंग्लंडातील वृत्तपत्रे सूडाच्या भाषेने भरून गेली होती. दीनदुबळ्यांचा कैवारी म्हणून गाजलेल्या डिकन्स यांनी त्या ऑक्टोबरात एका स्नेही स्त्रीस लिहिलेल्या पत्रात, आपण हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर ही जमात पृथ्वीच्या पाठीवरून नाहीशी केली असती, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यांचा कोवळा मुलगा नुकताच हिंदुस्थानात दाखल झाला होता, हे लक्षात घेतले तरी त्या उद्गारांचा भेसूरपणा कमी होत नाही. याच सुमारास डिकन्स यांच्यासमवेत लेखन करणाऱ्या कॉलिन्स यांनी फेब्रुवारी १८५८ मध्ये शिपायांना उपदेश करण्यासाठी जो लेख लिहिला, त्यात त्यांनी बायबलचा आधार न घेता हिंदुस्थानातीलच एका मुसलमानी बोधकथेचा आधार घेतला. सूडाच्या त्या वावटळीत हेही थोडे नव्हते. दहा वर्षांनी लिहिलेल्या कादंबरीत त्यांनी तीन ब्राह्मण रंगविले ते चिकाटीचे, निर्लोभी आणि व्रतस्थ असे. आणि हिरा प्रत्यक्ष लांबविणारा ठरविला तो लंडनमधील स्त्रियांच्या धर्मादाय मंडळांचा लाडका पुढारी, गॉडफ्रे एबलव्हाइट. या आडनावातच समर्थ आणि गोरा हे दोन्ही शब्द आहेत.

असे असूनही पुस्तकाचा उपोद्घात बारकाईने वाचावा. हा मजकूर म्हणजे हर्नकॅसलच्या एका चुलतभावाने इंग्लंडातील नातेवाइकांस पाठविलेला खाजगी कागद आहे. त्या रात्री जनरल बेअर्ड यांनी दोघा भावांना पाठविले होते ते सैनिकांची लूटमार थांबविण्यासाठी. चुलतभावास दिसते ते असे: हर्नकॅसलच्या एका हातात मशाल, दुसऱ्या हातात रक्ताने निथळणारी कट्यार, पायाशी दोघे मृत आणि तिसरा शाप देत प्राण सोडणारा. दुसऱ्या दिवशी बेअर्ड जाहीर करतात की चोरी करताना जो सापडेल त्यास, मग त्याचा हुद्दा कोणताही असो, फाशी देण्यात येईल. चुलतभाऊ भावाशी हस्तांदोलन नाकारतो. परंतु पुरेसा पुरावा नसल्याचे सांगून वरिष्ठांकडे तक्रारही करीत नाही. प्रकरण घरातल्या घरात राहते.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. बेअर्ड ज्यास चोरी म्हणतात ती कोणाच्या मालाची चोरी? टिपू मारला गेला होता, किल्ला पडला होता. फाशीच्या धाकाने ज्या मालकी हक्काचे रक्षण व्हावयाचे होते तो हक्क टिपूच्या वारसांचा नव्हता, देवस्थानचा तर नव्हताच. तो विजयी सैन्याचा होता. इतिहासात घडले तेही असेच. पाडावानंतरच्या बेबंद लुटीस आवर घालण्यासाठी आर्थर वेलस्ली यांनी चार सैनिकांना फासावर चढविले आणि अनेकांना फटके मारविले. त्यानंतर रीतसर समिती बसली, खजिन्याची मोजदाद झाली, टिपूचे सुवर्णसिंहासन फोडून त्याचे तुकडे करण्यात आले आणि हुद्द्याप्रमाणे वाटे पडले. सेनापती हॅरिस यांच्या वाट्यास एक लाख चाळीस हजार पौंडांहून अधिक रक्कम आली. गोऱ्या शिपायाच्या नरडीवर बसलेला टिपूचा लाकडी वाघ लंडनला गेला. तो तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. याचा अर्थ, वहीत नोंद करून घेतले ते पारितोषिक आणि नोंद न करता घेतले ती चोरी. हर्नकॅसलचे पाप कादंबरीच्या लेखी दुहेरी आहे: त्याने खून केले आणि परस्पर माल लांबविला. ज्या हल्ल्याने हे दोन्ही शक्य झाले, त्याविषयी चुलतभावाच्या मनात शंकेचा लवलेश नाही, आणि पुढील सगळ्या पुस्तकात तो प्रश्न कोणी विचारीत नाही. ‘लूट’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला, ही यातील गंमत. हिंदुस्थानात दिसलेल्या प्रकारास नाव देण्यासाठी त्यांनी तो घेतला, आणि आपल्या वाट्यास आलेल्या मालास मात्र ‘प्राइझ’ म्हणणेच पसंत केले.

हा भेद कादंबरीपुरता नव्हता. पुण्यानेही त्याची किंमत मोजली आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या हाती गेले. पेशव्यांचे खजिनदार व रायगडचे किल्लेदार नारो गोविंद औटी यांच्याकडील द्रव्य कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केले. औटींच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने पुढे मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. प्रतिवादी होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन. मुंबईच्या न्यायालयाने दाव्याचा निकाल वादीच्या बाजूने दिला. परंतु १८३० साली लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला, आणि त्याचे कारण दिले ते असे की, युद्धाच्या ओघात शत्रूची म्हणून घेतलेली मालमत्ता हा दिवाणी न्यायालयाच्या कक्षेतील विषयच नव्हे. मालमत्ता घेणे न्याय्य होते की अन्याय्य, या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारण्याचे दारच बंद करण्यात आले. दख्खनच्या या लुटीचे वाटप कोणत्या सैन्यात कसे व्हावे यावर मात्र लंडनमध्ये वर्षानुवर्षे खल चालला आणि त्यासाठी खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन विश्वस्त नेमले गेले.

त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘नासक’ हिऱ्याचीही कथा याच काळातली. १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्ताबरोबर तो कंपनीच्या हाती पडला आणि लंडनमधील रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे गेला. त्यांनी तो नव्याने घडविला. १८३७ च्या लिलावानंतर तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या घराण्यात गेला आणि १९४० साली न्यूयॉर्कच्या एका जवाहिऱ्याने त्यास पुन्हा पैलू पाडून सुमारे ४३ कॅरटांवर आणले. देवस्थानातून निघून इंग्लंडात गेलेल्या हिऱ्याची ही हकीकत कॉलिन्स यांच्या पुस्तकाआधी पन्नास वर्षांची आहे. फरक इतकाच की त्याच्या मागे कोणी तीन ब्राह्मण गेले नाहीत आणि तो परत आला नाही.

आता कादंबरीकडे वळावे. तिची रचना साक्षीपुराव्यासारखी आहे. ज्यास जे प्रत्यक्ष ठाऊक आहे तेवढेच त्याने सांगावे, या नियमाने दहा-अकरा जणांच्या निवेदनांतून ती उलगडते. त्यांत वाड्याचा वृद्ध कारभारी आहे, धर्मवेडी कुमारिका आहे, वकील आहे, नायक आहे, गुप्त पोलीस आहे, जहाजाचा कप्तानसुद्धा आहे. मात्र ज्यांच्या जन्माचे सार्थक त्या हिऱ्याशी बांधलेले आहे त्या तिघांपैकी कोणाचीही साक्ष नाही. त्यांच्या मनात काय आहे, हे सांगण्याचे काम मर्थवेट नावाच्या इंग्रज प्रवाशाकडे सोपविले आहे. त्यास त्यांची भाषा येते, वेषांतर करता येते आणि त्यांच्याविषयी आदरही वाटतो. आणि हाच गृहस्थ यजमानांस बजावतो की चिलमीतील राख झाडावी इतक्या सहजतेने हे लोक माणूस मारतील. वाचकाने येथे थांबून कादंबरीतील प्रेते मोजावीत. हर्नकॅसलने एका रात्रीत तिघे मारले. त्या तिघा ब्राह्मणांनी इंग्लंडातील आपल्या साऱ्या शोधकाळात एकास मारले. त्याआधी लंडनमध्ये त्यांनी दोघांना फसवून नेले, बांधून झडती घेतली आणि सोडून दिले. पैशाला हात लावला नाही, एक पावती तेवढी नेली. अशा स्थितीत जीविताची तमा न बाळगणारा कोण, हे कादंबरीतील घटना एक सांगतात आणि कादंबरीतील तज्ज्ञ दुसरेच सांगतो. बहुतेक वाचकांच्या स्मरणात तज्ज्ञाचे म्हणणे राहते.

कायद्याचीही तीच गत. चोरीच्या रात्री त्या तिघांचा वाड्यातील चोरीशी संबंध नव्हता, हे चौकशीत उघड होते. तरीही काही फुटकळ निमित्त काढून मॅजिस्ट्रेट त्यांना आठवडाभर कोठडीत ठेवतो. न्यायासह कोणतीही मानवी संस्था योग्य दिशेने ओढली तर थोडी ताणता येते, असे वाड्याचा वृद्ध कारभारी आपल्या निवेदनात गमतीने म्हणतो. कॉलिन्स येथे उपहास करीत आहेत की सहज लिहून जात आहेत, हे ठरविणे कठीण आहे. औटींच्या व्यवस्थापकास ती ताणलेली दिशा चांगलीच ठाऊक होती.

पुस्तकाचा सर्वांत बोलका भाग मात्र रहस्याच्या उकलीत आहे. वाड्यातून हिरा काढून नेणारा हा स्वतः नायकच निघतो. एका डॉक्टराने थट्टेखातर त्यास नकळत अफू पाजलेली असते, आणि त्या गुंगीत तो हिरा उचलतो तो का, तर हिरा सुरक्षित राहावा म्हणून! सकाळी त्यास काही आठवत नाही. उलट तोच तपासाचा पुढाकार घेतो. पंधरा वर्षांनी, १८८३ मध्ये, सीली या इतिहासकाराने आपल्या देशबांधवांचा साम्राज्यविस्तार जणू बेभानपणीच झाला, अशा आशयाचे विधान केले. ते विधान पुढे फार गाजले. परंतु त्याची कथारूप आवृत्ती कॉलिन्स यांनी आधीच लिहून ठेवली होती. माल घेतला खरा, पण जाणूनबुजून नव्हे; आणि घेतला तोही त्याच्याच रक्षणासाठी. लंडनच्या संग्रहालयांची बाजू मांडणारे वकील हा युक्तिवाद अद्यापही करतात. अफूची निवडही अर्थपूर्ण आहे. कॉलिन्स स्वतः संधिवातावर अफूचा अर्क घेत व त्याच्या आहारी गेले होते, एवढेच सांगून हा विषय सोडून देण्याची प्रथा आहे. परंतु ही कादंबरी निघाली तेव्हा दुसरे अफूयुद्ध संपून आठच वर्षे झाली होती. बिहारची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची मुंबईहून चीनला रवाना होत होती, आणि मुंबईतील कित्येक पेढ्या त्या व्यापारावर उभ्या राहिल्या होत्या. चीनमध्ये लक्षावधी माणसांस जडलेले व्यसन हे साम्राज्याचे उत्पन्न होते. यॉर्कशायरच्या वाड्यात तीच अफू एका सज्जनाच्या निर्दोषतेचा पुरावा ठरते.

हा पुरावा शोधून काढणारे पात्र एझ्रा जेनिंग्ज. तो कोणत्या तरी वसाहतीत जन्मला. बाप इंग्रज होता असे तो सांगतो आणि आईविषयी बोलता बोलता थांबतो. वर्ण सावळा, केस अर्धे काळे व अर्धे पांढरे. गावात त्यास कोणी जवळ करीत नाही. साऱ्या कादंबरीत बुद्धीने सर्वश्रेष्ठ कोण असेल तर हा मनुष्य. नायकाचे लग्न त्याच्यामुळे जुळते, आणि मग लेखक त्यास मृत्यूच्या स्वाधीन करतो. तो आपले अपुरे लेखन आपल्याबरोबर पुरावयास सांगतो. थडग्यावर नाव नको म्हणतो. ते अपुरे वाक्य कॉलिन्स यांनीही पुरे केले नाही. कदाचित त्यांच्या काळाच्या वाचकापुढे ते पुरे करता येत नव्हते. लेखकाची सहानुभूती किती दूर जाऊ शकते आणि नेमकी कोठे अडते, याचे दर्शन त्या अर्धवट वाक्यात जितके स्वच्छ होते तितके तिघा ब्राह्मणांच्या वर्णनातही होत नाही.

गॉडफ्रेचा शेवटही असाच दोन तोंडांनी बोलतो. तो हिरा घेऊन पळण्याच्या बेतात असतो तो सावळ्या खलाशाच्या वेषात. लंडनच्या एका खानावळीत त्याचे प्रेत सापडते आणि सार्जंट कफ त्याच्या चेहऱ्यावरचा काळा रंग धुऊन काढतो, तेव्हा आत गोरा परोपकारी दिसतो. चोराने पांघरलेला रंग कोणाचा होता, हे लेखकाने दाखवून दिले यात धाडस आहे. परंतु गुन्हा पुन्हा एका व्यक्तीच्या अंगावर टाकून कादंबरी मोकळी होते. हर्नकॅसल दुष्ट होता, गॉडफ्रे दांभिक होता. दोघेही गेले, आता वाड्यात सुख नांदू द्यावे.

कथेचा काळ १८४८ ते १८५० असा आहे, आणि ही वर्षे सहज निवडलेली नसावीत. मार्च १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला, आणि त्या वेळच्या तहान्वये दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून कोहिनूर इंग्लंडच्या राणीसाठी घेण्यात आला. १८५० च्या जुलैत तो व्हिक्टोरिया राणीस अर्पण झाला. कादंबरीतला हिरा त्याच साली उलट दिशेने प्रवास करून सोमनाथला पोहोचतो. कॉलिन्स यांच्या प्रस्तावनेत कोहिनूरचा नामनिर्देश आहे. म्हणजे वाचकास जे प्रत्यक्षात परत द्यावयाचे नव्हते ते कल्पनेत परत देण्याचे समाधान या शेवटाने मिळाले. तेही मर्थवेटच्या डोळ्यांनी, गर्दीत वेष पालटून उभ्या असलेल्या इंग्रजाच्या डोळ्यांनी. समुद्रोल्लंघनाने जात गमावलेले ते तिघे तेथे एकमेकांचा कायमचा निरोप घेतात व तीन दिशांना तीर्थयात्रेस निघून जातात. हे दृश्य भव्य आहे. पण त्यात हिरा परत मिळणे हा हक्क नसून एक अद्भुत घटना आहे.

ही दृष्टी केवळ इंग्रजांचीच राहिली असे मात्र म्हणता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये कोहिनूरसंबंधीच्या अर्जाच्या सुनावणीत भारत सरकारच्या सॉलिसिटर जनरलनी सर्वोच्च न्यायालयास सांगितले की, हा हिरा चोरीस गेला नाही व बळजबरीनेही नेला गेला नाही. रणजितसिंगांनी शीख युद्धांतील मदतीच्या भरपाईदाखल तो दिला. रणजितसिंग १८३९ साली निवर्तले होते, आणि पहिले शीख युद्ध १८४५ साली सुरू झाले. लगेच सरकारला खुलासा करावा लागला, ही गोष्ट वेगळी. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी पहिल्या रघूजींची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घेतली. तलवार घरी आली याचा आनंद रास्तच होता. परंतु ती नागपुराहून कशी गेली, हे विकणाऱ्यास कोणी दरडावून विचारल्याचे दिसले नाही. लिलावात बोली लावणारा ग्राहक असतो, फिर्यादी नव्हे.

म्हणून ‘मूनस्टोन’ अभ्यासक्रमातून हद्दपार करावी, अशी मागणी कोणी केली तर ती चुकीची ठरेल. तिच्याइतका प्रामाणिक साक्षीदार त्या काळच्या इंग्रजी साहित्यात दुसरा मिळणे कठीण. तो काय सांगतो याबरोबरच तो कोठे गप्प बसतो, हेही त्याच्याकडून शिकता येते. मात्र ती शिकविताना उपोद्घाताची थोडीशी पाने कथानकाची पूर्वपीठिका म्हणून झटपट उरकण्याची जी रीत पडली आहे ती सोडावयास हवी. प्रिव्ही कौन्सिलचा १८३० चा तो निकाल नॅप यांच्या निवाडेसंग्रहाच्या पहिल्या खंडात छापलेला आहे. श्रीरंगपट्टणची ती पाने आणि पुण्याच्या खजिन्यावरील तो निकाल एकाच दिवशी, एकामागून एक वर्गात वाचावयास दोन तासिका पुरतील.